पोटखराब्याचा हिशेब

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली एक ओळ असते: पोटखराबा. खडक, ओघळ, घळ, झुडपी उतार, म्हणजे जिथे नांगर चालत नाही अशी सगळी जागा त्या ओळीत आर आणि चौरस मीटरमध्ये मांडलेली असते. तिचे दोन वर्ग. ‘अ’ म्हणजे निसर्गतःच पिकाला निकामी. ‘ब’ म्हणजे रस्ता, कालवा, तलाव, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली. या जमिनीवर आकारणी नसते. कागदोपत्री ती जवळपास नसल्यातच जमा असते. पीककर्ज, विमा, भूसंपादनाचा मोबदला हे सारे लागवडीच्या आकड्यावर ठरते. त्यामुळे मेहनत करून सपाट केलेला ‘अ’ वर्गाचा पोटखराबा लागवडीत धरावा ही शेतकऱ्यांची मागणी जुनी होती, आणि २०१८ मध्ये सरकारने नियम बदलून तशी वाट मोकळी केली. मागणी रास्तच होती.

पण शिवारात फिरणाऱ्या माणसाला हेही ठाऊक असते, की ससा, घोरपड, तित्तर, खोकड यांचा मुक्काम याच ओळीत असतो. ओघळीच्या काठची उंबर-करंजं इथलीच. पावसाचे पाणी सर्वांत आधी पळते ते इथून, आणि थोपवता येते तेही इथेच. जमीनमालकाने माती, पाणी आणि रानातल्या जिवांचा आसरा कसा राखावा, या प्रश्नावर महाराष्ट्रात शतकाहून अधिक काळ खल चालू आहे. त्यातला मातीचा भाग बराचसा सुटलेला आहे, पाण्याचा भाग वादात आहे, आणि आसऱ्याचा भाग आत्ता कुठे बोलला जाऊ लागला आहे.

तालीपासून पाणलोटापर्यंत

डोंगरउतारावर दगडाची ताल रचून तिच्यामागे माती धरायची, ही युक्ती सह्याद्रीच्या पायथ्याला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचा धोरण म्हणून विचार महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सापडतो. हाती काम नसलेल्या सैनिक-पोलिसांकडून जागोजाग तालींसारखे बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग नदीनाल्याला मिळेल, असे त्यांनी १८८०च्या दशकात सुचवले होते. सरकारी यंत्रणा त्या वाटेला लागायला आणखी अर्धे शतक गेले. १९३०च्या दशकात सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, आणि १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा आला. एखाद्या क्षेत्राची योजना मंजूर झाली की त्यातल्या सगळ्या शेतांवर समतल बांध पडू लागले. गावाकडे त्या कामाला आजही ‘बंडिंग’च म्हणतात.

१९७२च्या दुष्काळाने या कामाला प्रचंड वेग दिला. दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमी योजनेत लाखो हातांनी बांध, नालाबांध आणि पाझर तलाव बांधले. काम रोजगारासाठी होते. बांध कुठे पडावा यापेक्षा मजुरी कुठे पडावी याची निकड मोठी होती, आणि त्या वर्षांत ती असणे साहजिकच होते. दोष राहून गेले ते तिथूनच.

अभियंते समपातळी रेषेवर बांध आखत. रेषा वळणावळणाने जाई आणि शेताचे तुकडे करी. कोपऱ्यात औत वळवायला जागा उरत नसे. भारी काळ्या जमिनीत तर समतल बांधामागे पाणी साचून पीक पिवळे पडे, किंवा एखाद्या वळवात बांधच फुटे. अशा जमिनींना पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध लागतात, हे अनुभवाने उमगले. जॉन केर आणि एन. के. सांघी यांनी १९९२ मध्ये देशाच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या देशी पद्धतींवर लिहिताना हीच गोष्ट नोंदवली: सरकारी बांध शेतकरी नांगरून मोडतो आणि हद्दीवरचा स्वतःचा बांध मात्र जपतो. शेतकऱ्याला जलसंधारण नको होते असे नाही. त्याला ते आपल्या हद्दीच्या आत, आपल्या औताला सोयीचे असे हवे होते.

पुढच्या वळणाची नावे सर्वांच्या ओळखीची आहेत. विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावात १९७४च्या सुमारास देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन खंडाने घेऊन उतारावर बांध, तळे, विहीर अशी रचना उभी केली. तिच्यातूनच पाणी पंचायत जन्मली. राळेगणसिद्धी त्याच दशकातले. हिवरे बाजारला पोपटराव पवार सरपंच झाल्यावर नव्वदच्या दशकात आदर्श गाव योजनेतून काम झाले. १९९०च्या सुरुवातीला फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम नगर जिल्ह्यात रुजला आणि ‘माथा ते पायथा’ हा क्रम सर्वमान्य झाला: आधी डोंगरमाथ्यावरचे चर, मग उतारावरचे बांध, सर्वांत शेवटी नाल्यातले बंधारे.

या कार्यक्रमातली एक साधी गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. आराखडा कार्यालयात न बनवता कार्यकर्ता शेतकरी नवरा-बायकोला घेऊन त्यांच्याच गटात फिरे. कुठे माती खरवडली जाते, कुठे पाणी तुंबते, बांध कुठे चालेल हे दोघांनी सांगायचे. याला ‘नेट प्लॅनिंग’ म्हणत. बाईला बरोबर घेण्याचे कारण वेगळे शोधावे लागत नव्हते. ओघळ कुठून सुरू होते हे खुरपणी करणारीला अधिक ठाऊक असते.

बांध, जवळून

एका एकरावर इंचभर पाऊस पडला की सुमारे एक लाख लिटर पाणी जमिनीवर येते. हा आकडा कागदावर मांडून पाहिला की बांध म्हणजे काय ते कळते. त्या लाखातले किती मुरणार, किती वाहणार आणि वाहताना किती माती नेणार, हे उतार, मातीचा पोत आणि वाटेतले अडथळे ठरवतात.

पण बांध हा शेतातला सर्वांत भांडखोर भागही आहे. पेरणीपूर्वीची नांगरट चालू असते, ट्रॅक्टरचा फाळ बांधाला घासून जातो आणि वीतभर माती ढासळते. पुढच्या वर्षी शेजारीही तेच करतो. दहा वर्षांत सहा फुटांचा बांध दोन फुटांवर येतो, त्यावरची बोर-बाभूळ मुळे उघडी पडून कलते, आणि मग तिची सावली पिकावर पडते म्हणून ती तोडली जाते. बांध कोरण्यावरून गावोगाव मोजण्या, पंचायती, कधी डोकी फुटणे चालते. यामागे हाव असते तशी अडचणही असते. कृषी गणनेनुसार राज्यातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. दोन भावांत वाटणी झाली की बांधांची लांबी वाढते आणि रुंदी कमी होते. तीन एकरांतल्या माणसाला सहा फुटांचा बांध परवडत नाही, हे त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

जाणकारांचा व्यवहारी सल्ला साधारण सारखाच आहे. बांधाला दगडी सांडवा हवाच, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात बांध जातो. बांधावर गवत हवे, कारण मारवेलसारख्या गवताची मुळे मातीला गच्च धरतात आणि वरून वैरण मिळते. ग्लिरिसिडिया लावला तर कोवळा पाला कापून शेतात टाकता येतो. काळ्या रानात सोयाबीन-तुरीसाठी बीबीएफ यंत्राने रुंद वरंबा आणि सरी पाडली, तर जास्त पावसात पाणी निघून जाते आणि खंड पडला की सरीतली ओल कामी येते. या पद्धतीचा पाया इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या काळ्या जमिनीवरच्या जुन्या कामात आहे.

उताराची रेषा आखायला महागडे यंत्रही लागत नाही. दोन काठ्यांचा इंग्रजी ‘A’सारखा आकार, मध्ये आडवी पट्टी, वरून दोरीला बांधलेला दगड. दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत. तिथे फक्कीची खूण करायची आणि काठ्या पुढे फिरवायच्या. पानी फाउंडेशनच्या २०१६ ते २०१९ मधल्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात अशी मापे घेणारी पोरे-पोरी राज्यभर दिसत होती.

नांगरावा की नाही

मातीच्या बाबतीत दुसरा वाद शेताच्या आतला आहे. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी चिखलणी आणि नांगरट टाळणारी एसआरटी पद्धत विकसित केली. कायम गादीवाफे ठेवायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर यांनी उसात विना-नांगरणीचा आग्रह धरला. गांडुळे परततात, जमीन भुसभुशीत होते, डिझेल आणि मजुरी वाचते असे ही पद्धत वापरणारे सांगतात. आक्षेप तणांवरून येतो. नांगर थांबला की तणनाशकाची फवारणी येते, आणि सेंद्रिय व नैसर्गिक शेतीवाल्यांना तो सौदा मान्य नाही. त्यांचा भर आच्छादनावर. पण कोरडवाहू भागात आच्छादनाला टाकायचे काय? ज्वारीचा कडबा जनावराच्या पुढ्यात जातो, आणि तो जमिनीवर पसरा म्हणणारा सल्लागार बहुधा गोठा नसलेला असतो.

जुन्या काळी याला एक उत्तर होते आणि काही भागांत अजून आहे. सुगीनंतर धनगराचा वाडा शेतात बसवायचा. शे-दीडशे मेंढरे दोन-तीन रात्री एका रानात बसली की लेंडीखत आणि मूत जिथल्या तिथे पडते. बदल्यात धान्य किंवा पैसे. बारमाही पिकांमुळे मोकळी राने कमी झाली तशी या वाड्यांची वाट अडली.

पाणी कुणाचे

खरा वाद पाण्याचा. राज्याच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या पट्ट्यांत. वाळूच्या पोत्यासारखी त्याची साठवण नाही. घरातल्या लहानमोठ्या हंड्यांसारखी आहे, एकमेकांना जोडलेल्या, काही फुटक्या. माझ्या शेतात जिरवलेले पाणी माझ्याच विहिरीला लागेल याची खात्री कुणी देत नाही. ते खालच्या गटातल्या शेजाऱ्याला लागू शकते, पलीकडच्या गावालाही. पुण्याची अ‍ॅक्वाडॅम ही संस्था आणि भूजलतज्ज्ञ हिमांशू कुलकर्णी हेच वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की भूजलाची सीमा खडक आखतो, सातबारा नाही.

या पायावर चार भूमिका उभ्या आहेत.

पहिली, अडवा आणि जिरवा. शेतात, माथ्यावर, नाल्यात जितके पाणी थांबेल तितके थांबवावे. वसंतराव टाकळकरांनी रूढ केलेले खोल सलग समतल चर हे तिचे ठळक रूप. दुसरी, यंत्राने मोठे काम. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून बंधाऱ्यांची साखळी उभी केली, आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात या खोलीकरणाला मोठी जागा मिळाली. जेसीबी आणि पोकलेन गावात आले की काम डोळ्यांना दिसते, चार दिवसांत दिसते. उतारावरचे चर तसे दिसत नाहीत.

अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या कामांविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. माथा सोडून पायथ्यालाच खणले जाते, नाल्याचा तळ उकरून भूजलाचा थर उघडा पडतो, वाळू जाते, असे आक्षेप होते. त्यानंतर माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चानंतरही भूजलपातळी आणि गावांची पाण्याची गरज या बाबतींत अपेक्षित परिणाम दिसला नाही असे नोंदवले. समर्थकांचे उत्तर असे, की मधल्या वर्षांत पाऊसच कमी होता, आणि ज्या गावांनी मनापासून काम केले तिथे विहिरी उन्हाळ्यात टिकल्या. दोन्ही बाजूंना दाखवायला गावे आहेत. २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला.

तिसरी भूमिका साठवणुकीची, म्हणजे शेततळ्याची. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ची. ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल तळे उतार धरूनही सुमारे बावीस लाख लिटर घेते. फळबागवाल्याला मे महिन्यात हे पाणी म्हणजे जीव. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत १९९६ नंतर इंडो-जर्मन कार्यक्रमातून आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचे काम झाले, त्यावर शेततळी आली आणि गाव द्राक्षांसाठी ओळखले जाऊ लागले. दुष्काळी मराठवाड्यात ती उलाढाल पाहायला लोक बसेस भरून जातात.

पण तळ्याच्या काठावर जरा थांबून पाहावे. चारी बाजूंनी उंच भराव, आत काळा चकचकीत प्लास्टिकचा कागद, भोवती तारेचे कुंपण. पावसाचे वाहते पाणी आत यायला वाटच नाही. एका कोपऱ्यातून पाइप येतो, तो बोअरचा किंवा विहिरीचा. म्हणजे जमिनीखाली झाकून ठेवलेले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे. दिवसाला सेंटीमीटरभर बाष्पीभवन धरले तरी नऊशे चौरस मीटरच्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटर उडून जातात. ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त याच वापरावर बोट ठेवले: वाहते पाणी धरण्यासाठीचे साधन भूजल उपसून साठवण्याचे साधन बनले, आणि सामायिक पाणी आधी पोहोचणाऱ्याच्या खाजगी तळ्यात गेले. शेतकऱ्याच्या बाजूनेही एक उत्तर आहे. पावसाळ्यात विहीर भरून वाहते तेव्हाचे पाणी उचलले तर कुणाचे काय गेले? हिशेब त्या उपशाच्या महिन्यावर येतो. आणि तो महिना कुणी नोंदवत नाही. गुळगुळीत कागदावर पाय न ठरल्याने तळ्यात पडलेले कोल्हे, हरणे, कधी माणसेही वर येऊ शकत नाहीत. काठाला गाठी मारलेला दोर किंवा जाळी सोडावी, हा अगदी स्वस्त उपाय फार थोड्या ठिकाणी दिसतो.

चौथी भूमिका मागणी आवरण्याची. साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांवर दिले, भूमिहीनालाही हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला. हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर नाही. दरवर्षी पावसाचा आणि विहिरींचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावर रब्बीचे पीक ठरते. या पद्धतीच्या यशाबद्दल फारसे दुमत नाही. दुमत आहे ते ती दुसरीकडे का पसरली नाही यावर. कुणी नेतृत्वाकडे बोट दाखवतात, कुणी गावाच्या लहान आकाराकडे. २००९च्या भूजल कायद्यात खोल विहिरींवर बंधने आणि पाणलोटनिहाय समित्या आहेत, पण बोअरची गाडी गावात रात्री येते तेव्हा कायदा झोपलेला असतो, असे शेतकरीच हसून सांगतात.

दक्षिणेतल्या अभ्यासांनी आणखी एक अवघड मुद्दा पुढे आणला. चार्ल्स बॅचलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कर्नाटक व आंध्रातल्या पाणलोटांवर लिहिताना दाखवले, की वरच्या अंगाला सगळेच पाणी अडले तर खालच्या जुन्या तलावांत पाणी पोहोचत नाही. तुटीच्या खोऱ्यात बंधारा पाणी निर्माण करत नाही, त्याची जागा बदलतो. महाराष्ट्रात वरच्या आणि खालच्या गावाचा असा जोड हिशेब अपवादानेच होतो.

गवत म्हणजे पडीक नव्हे

आसऱ्याच्या प्रश्नात सर्वांत ठसठशीत मतभेद माळरानांवरून आहे. पाणलोटवाल्यांच्या डोळ्यांना उघडा माळ म्हणजे बोडका डोंगर. चर खणा, झाडे लावा. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्याने दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी अशी वृक्षलागवडीची लक्ष्ये ठेवली. गवताळ प्रदेशाचे अभ्यासक याच्या बरोबर उलट सांगतात. अर्ध-शुष्क पठारावर कुसळी, पवन्या, शेडा यांचे गवत हेच तिथले मूळ रान आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना मोकळी नजर लागते. ग्लिरिसिडियाच्या रांगा त्यांचे घर मोडतात. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या अशा खुल्या परिसंस्थांचे नकाशे करून दाखवले, की त्यांतला मोठा भाग सरकारी दफ्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेला आहे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचे माळ, त्यावरचे चिंकारे आणि लांडगे या चर्चेत नेहमी येतात. दोन्ही बाजू पाणी मुरावे असेच म्हणतात. राखलेले गवतही पाण्याचा वेग चांगला मोडते, त्यामुळे निदान माळावर झाडाचा आग्रह सोडायला हरकत नसावी.

मालकाच्या अंगाने पाहिले तर नान्नजचा धडा मोठा आहे. तिथे १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी जाहीर झालेल्या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, हजारो शेतकऱ्यांचे गट आले. खरेदी-विक्री, बिनशेती, उद्योग यांवर बंधने आल्याने माळढोक हे नाव अनेकांना नकोसे झाले. पुढे क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. तोवर पक्षी जवळपास दिसेनासा झाला होता. ऊस, द्राक्षे, वीजवाहिन्या, कुत्री अशी कारणे अनेक दिली जातात, पण शेतकऱ्याला शत्रू करून त्याच्या शेतात पक्षी राखता आला नाही एवढे स्पष्ट आहे.

याउलट चित्र पूर्व विदर्भात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, निगा तुटली, बेशरमाची झुडपे माजली. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांतल्या मासेमार ढीवर समाजाला घेऊन बेशरम उपटणे, देशी पाणवनस्पती पुन्हा लावणे असे काम केले; मासे वाढले, पक्षी आले. गोंदियाच्या भातखाचरांत सारस घरटे करतो, आणि शेतकरी त्या घरट्यापुरते भात न कापता ठेवतात. तुकडा काही चौरस मीटरचा. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो जवळपास याच भागात.

कोकणाची गोष्ट निराळी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जंगल बहुतांशी खाजगी आहे, आणि सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. कुणाचे एकमत होत नाही म्हणून डोंगर आपोआप राखला जातो. एकमत झाले की ठेकेदार येतो आणि जळाऊ लाकडासाठी रान उभे कापले जाते. संगमेश्वर परिसरात एईआरएफ या संस्थेने मालकांशी करार करून ठरावीक वर्षे तोड न करण्याबद्दल पैसे दिले, देवराया राखायला गावांना मदत केली. पुढे बेहड्याची फळे निसर्गाला धक्का न लावता गोळा करून प्रमाणित मालाच्या भावाने परदेशी औषधी चहाच्या कंपनीला विकली. बेहड्याच्या जुन्या ढोलीत गरुड धनेश घरटे करतो. तोडला तर लाकडाचे पैसे एकदाच, राखला तर फळाचे दरवर्षी. व्यापाराच्या भरवशावर पक्षी किती वर्षे टाकायचा, हा प्रश्न मात्र खुद्द संवर्धनवालेही विचारतात.

आसरा न मागताही तयार होतो. अकोले तालुक्याच्या बागायती पट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ बिबटे आढळले, जंगल नसताना. पाणी आले, ऊस आला, उसात बिबट्या आला. ज्या पाण्यासाठी गाव राबले त्याचाच हा एक परिणाम, आणि रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसासमोर तो कौतुकाने मांडता येत नाही.

अनिर्णित

या साऱ्यात चार गाठी सुटलेल्या नाहीत.

पहिली, भार कुणावर. केर यांच्याच २००२च्या मूल्यमापनात महाराष्ट्र आणि आंध्रातल्या प्रकल्पांबद्दल एक खटकणारी नोंद आहे: चराईबंदीने डोंगर हिरवा झाला, फायदा खालच्या विहीरवाल्याला मिळाला, आणि किंमत मोजली ती मेंढपाळ आणि भूमिहीनांनी. कुऱ्हाडबंदी-चराईबंदीच्या यशोगाथांत हा भाग सहसा नसतो.

दुसरी, वन्यप्राण्यांचे नुकसान. रोही आणि रानडुकरांनी जंगलालगतची शेती हैराण केली आहे. पंचनामा, अर्ज, अपुरी भरपाई यावर मिलिंद वाटवे यांनी ताडोबाजवळ वेगळी पद्धत करून पाहिली. नुकसान मोजण्याऐवजी उत्पन्नाची तूट मोजायची, भागातले उत्पादन सरासरीने घटले तर सर्वांना आधार, आणि स्वतःचे उत्पादन इतरांपेक्षा जास्त आणणाऱ्याला बक्षीस. म्हणजे खोटे सांगण्यात फायदा राहत नाही. उमरेड-कऱ्हांडलालगतच्या गोठणगावात काही शेतकऱ्यांनी तोट्याची शेते एकत्र करून रानाला सोडण्याचा आणि पर्यटनातून उत्पन्न घेण्याचा प्रयोग केला. दोन्ही अजून मोठ्या प्रमाणावर आलेले नाहीत.

तिसरी, कायद्याची भीती. १९७५च्या खाजगी वने संपादन कायद्याने राज्याने खाजगी जंगले ताब्यात घेतली. त्याचे खटले दशकानुदशके चालले. मुंबईजवळच्या जमिनींचा वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मालकांच्या बाजूने सुटला. पण ‘झाडी वाढली तर फॉरेस्ट लागेल’ ही समजूत गावात पक्की बसली आहे आणि तिच्यापायी रोपटे झाड होण्याआधीच कोयत्याखाली जाते. वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने खाजगी आणि सामुदायिक जमिनीवर मालकांच्या इच्छेने राखीव क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रातले जमीनमालक तिच्याकडे अजून संशयानेच पाहतात.

चौथी, वाटेकऱ्याची. कुळकायद्याच्या धास्तीने जमीन तोंडी बोलीवर एकेक वर्षासाठी दिली जाते. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे असेल की नाही हे माहीत नसलेला माणूस बांधाला सांडवा कशाला रचेल, आणि पुण्या-मुंबईतल्या मालकाला तो फुटल्याचे कळणार कधी? जमीनमालकांसाठीच्या बहुतेक योजना या दोघांच्या मधून निघून जातात.

नोंदींच्या बाजूने थोडी हालचाल झाली आहे. २०२१ पासून शेतकरी आपली पीकनोंद मोबाइलवरच्या ई-पीक पाहणी ॲपमध्ये स्वतः करतो. पिकाचा फोटो शेतात उभे राहून काढावा लागतो. बांधावरच्या झाडांची नावे आणि संख्या भरायलाही तिथे जागा आहे. गवताचा माळ असलेला शेतकरी मात्र त्याच पडद्यावर येऊन थांबतो, कारण पीक नसलेल्या जमिनीसाठी त्याच्यापुढे दोन पर्याय येतात: ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’.